जाऊन परत येणारे पाय

रघू, काल तुझं तेरावं उरकलं. माणसं जेवून गेली, भांडी घासून पालथी घातली, तुझी यमुना तुमच्या पोरीला कुशीत घेऊन आत पडली आहे. मी ओटीवर बसले आहे. उद्या कर्जतला परत जायचं, परवापासून शाळा. पिशवी भरायला उठावं म्हणते आणि उठत नाही. रडू येतं असंही नाही. नुसता शीण आला आहे. इतकी वर्षं तुझ्या हातापायांची काळजी वाहायची सवय लागली, आता ती काळजी कुठे उतरवून ठेवू ते कळत नाही.

भेटायला येणारे तुझ्या ताकदीच्या गोष्टी सांगतात. गिरणीत दोन पोती एकदम पाठीवर घेतलीस ती. चिखलात रुतलेली गाडी एकट्याने खांदा लावून काढलीस ती. मी मान हलवते. आजाराचं नाव कुणी काढत नाही. मेलेल्या माणसाची लाज झाकावी तसं ते झाकतात. मला मात्र आजाराचीच वर्षं जास्त आठवतात, कारण ती आपण दोघांनी मिळून काढली.

त्याआधीचं एक आहे, ते सांगते. माझा नवरा गेला आणि मी सासरी मागच्या खोलीत बसून होते, तेव्हा तुला नुकतं मिसरूड फुटत होतं. तू आलास, कुणाला काही विचारलं नाहीस, म्हणालास, "अक्का, सामान बांध." घरी काका गरजले, रांडावल्या बाईनं पुण्याला जाऊन शिकायचं म्हणजे काय. बाप असून आबा खाली मान घालून जेवत राहिले. आणि तू जेवता जेवता बोललास, "अक्का शिकंल. मास्तरीण हुईल. तिचं काम मी करीन." माझं काम तू करणार म्हणजे काय, हे तुलाही ठाऊक नव्हतं. पण कडावपासून कर्जत स्टेशनापर्यंत माझी ट्रंक तू डोक्यावरून नेलीस, वाटेत एकदाही खाली न ठेवता. पुण्याच्या गाडीत मला बसवून दिलंस आणि खिडकीशी येऊन म्हणालास, "रडू नको गं. लोकं बगत्यात." तूच रडत होतास.

त्या तुझ्या पाठीवर माझा एवढा विश्वास की खालापूरला मामांच्या घरच्या लग्नात जे झालं ते मी आधी थट्टाच समजले. दिवसभर तू मांडवाचे वासे ओढलेस, पाण्याच्या कावडी आणल्यास. संध्याकाळी पैज लावून जिलब्या खाल्ल्यास, वर परातभर भात. सकाळी अंगणात झोपलेले सगळे पुरुष उठले, उन्हं वर आली, आणि तू आडवाच. मी जाऊन हलवलं.

"अक्का," तू हळू आवाजात म्हणालास, "माजे पाय कुनीतरी नेले गं."

"ऊठ रं सोंगाड्या."

"देवाची आन. चिमटा काढून बग."

मी चिमटा काढला. तू ओरडलास, म्हणजे कळत होतं सगळं. पण पाय हलेनात. थोड्या वेळाने हातही उचलेनात. मानेपासून वरचा रघू बोलत होता, हसत होता, घाबरत होता, आणि मानेखालचा रघू ओल्या वाळूच्या पोत्यासारखा पडून होता. मामी दृष्ट काढून गेली. दुपारी तुझी बोटं हलली, मग मनगट, मग गुडघा. जेवणाची दुसरी पंगत बसायच्या आत तू भिंतीला धरून उभा राहिलास. वऱ्हाडातले लोक म्हणाले, जिलबी पायांत उतरली. सगळ्यांत मोठ्याने तूच हसलास.

पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा आलं, मग दिवाळीनंतर, मग वरचेवर. कर्जतच्या भातगिरणीत तू हमाल होतास. मालगाडी लागली की दिवसभर पोती वाहायची, घरी येऊन भात पोटभर खायचा आणि झोपायचं. आणि नेमकं अशाच दिवसानंतरच्या सकाळी पाय जायचे. मुकादम निरोप्याला पाठवायचा. निरोप्या यायचा तोवर दुपार झालेली, तू अंगणात उभा. तो जाऊन सांगायचा, "ठणठणीत हाय की. परसात फिरतोय." सकाळी आडवा आणि दुपारी उभा, असा रोग कुणी ऐकला होता? कामचुकार म्हणाले, दारू पितो म्हणाले. तू तर दारूचा थेंब घेतलेला नव्हतास. एकदा तू रागाने दुसऱ्या दिवशी गिरणीत गेलास आणि सगळ्यांदेखत एकावर एक पोतं घेऊन फळीवरून मालगाडीच्या वाघिणीत, डब्यात, चढलास. "आता बोला," म्हणालास. त्याच्या दुसऱ्या सकाळी तुला पाणी पाजायला मान धरावी लागली.

भगत झाला, अंगारे झाले, कोंबडं झालं. यमुनेचा बाप येऊन तिला घेऊन गेला. म्हणाला, याला वारं लागलंय, माझी पोर विधवा व्हायची.  महिना होत आला आणि एका दुपारी यमुना एकटीच बोचकं घेऊन दारात. तू खाटेवर होतास, त्या दिवशी हातही गेलेले. मी म्हटलं, "बापाला सांगून आलीस का?" ती म्हणाली, "सांगितलं. हातपाय नसले तरी तोंड चालतंय त्यांचं. तेवढं पुरं हाय मला." आणि तुझ्या तोंडाशी येणारी माशी हाकलत बसली. रघू, ती हे बोलली तेव्हा तू भिंतीकडे बघत होतास. तिला कधी काही म्हणालास का, ते मला ठाऊक नाही. नसशील म्हणालास तर ते राहूनच गेलं.

तू वाळत चाललास. आमच्यापेक्षा दुप्पट जेवायचास आणि बरगड्या मोजता येत. थंडीत आम्ही घोंगड्या पांघरायचो आणि तुझा सदरा घामाने भिजलेला. बशीतला चहा तोंडापर्यंत जाईतो निम्मा सांडायचा. डोळे मोठे दिसू लागले, सारखं दचकल्यासारखे. आणि तुझा तो राग! तू आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हतास, आणि एकदा भाकरी करपली म्हणून ताटली भिरकावलीस. मग स्वतःच बाहेर जाऊन बसलास आणि मला म्हणालास, "माज्या आत कायतरी धावतंय गं. थांबतच नाय."

कर्जतच्या डॉक्टरांकडे मी तुला दोनदा घेऊन गेले. दोन्ही वेळा तू आपल्या पायांनी चालत दवाखान्यात शिरलास. डॉक्टर म्हणाले, "बाई, पाय गेलेला माणूस मला दिसू दे, मग मी काही सांगीन. बऱ्या माणसाला काय तपासू?"

म्हणून त्या सकाळची ती बैलगाडी. तुला आठवतं का रे? मी तेव्हा कर्जतच्या शाळेत मास्तरीण, रविवारची घरी आले होते. पहाटे यमुनेने हाक मारली, "गेले, वन्सं, पाय गेले," आणि तिच्या आवाजात चक्क आनंद होता. आम्ही तुला चादरीत घालून गाडीत ठेवलं, खाली पेंढा. आबा गाडी हाकत होते. नदीच्या उतारापर्यंत आलो आणि तू घाबऱ्या आवाजात म्हणालास, "आबा, जोरात हाका. बोटं हलाय लागली. मी बरा हुईन वाटंत!" आबांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. यमुना देवाला हात जोडून म्हणत होती, इतक्यात बरं नको करू. मी आयुष्यात इतकी हसले नव्हते आणि इतकी भ्यालेही नव्हते. दवाखान्याच्या पायरीशी गाडी लागली तेव्हा तुझा उजवा पंजा हलत होता, पण पाय अजून गेलेलेच होते.

डॉक्टर बाहेर गाडीपाशीच आले. रबरी हातोडीने गुडघ्यावर ठोकलं, पाय उडाला नाही. पुन्हा ठोकलं. मग नाडी धरून बराच वेळ उभे राहिले. "घोटभर पाणी घे," म्हणाले, आणि तू गिळताना तुझ्या गळ्याकडे बघत राहिले. आत जाऊन एक जाडजूड पुस्तक काढलं.  कंपाउंडरने एक औषध पाण्यात कालवून आणलं. तू पहिल्या घोटालाच तोंड वाकडं केलंस, "समुद्र पाजताव काय?" थोड्या थोड्या वेळाने ते पाजत राहिले. उन्हं दवाखान्याच्या दारात आली तोवर तू उठून बसलास.

मग डॉक्टरांनी तुला हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कागद ठेवला. तो पिंपळपानासारखा थरथरत होता.

"बाई," ते मला म्हणाले, "याला वारं नाही आणि सोंगही नाही. गळ्यात एक ग्रंथी असते, ती याची नको तेवढं काम करते आहे. म्हणून हा वाळतो, घामेजतो, चिडतो. आणि तिच्यापायी मधूनच रक्तातलं पोटॅशियम उतरतं. तो एक क्षार आहे. तो उतरला की स्नायू ऐकत नाहीत. भरपूर भात-गोड खाल्लं, किंवा मोठी मेहनत करून एकदम पडून राहिला, की तो उतरतो. आज पाय गेले. एखाद्या दिवशी छातीपर्यंत गेलं तर?"

तू सगळं ऐकलंस आणि आधी हेच विचारलंस, "म्हंजे मी खोटं नवतो बोलत?"

"नाही."

"हे मुकादमाला लिहून द्याल?"

डॉक्टरांनी लिहून दिलं. ती चिठ्ठी तू मुकादमाला दाखवलीस की नाही हे तू सांगितलं नाहीस. पण त्या दिवशी परत येताना तू गाडीत बसला नाहीस. गाडीच्या पुढे चालत राहिलास, कडावपर्यंत.

मग ते नियमांचं जगणं सुरू झालं. भाताच्या मुलखात राहून भात आखडता घ्यायचा. घरची जमीन भाताची, काम भाताचं, सणाला भात, आजारपणात भाताची पेज, आणि तुझ्या ताटात नाचणीची भाकरी. बाहेर लढाई चालू, रेशनच्या रांगेत लोक तांदळासाठी भांडत होते, आणि तू म्हणायचास, "सरकारनं समद्यांना माजा रोग दिला." मांडी जड वाटायला लागली की बाटलीतलं ते खारट औषध घ्यायचं आणि बसून न राहता हळूहळू चालायचं. चाललं की कधी कधी झटका टळायचा. संध्याकाळी तू खळ्यात गोल फिरायचास. मी घरी असले की तुझ्याबरोबर फिरायची. गावातली माणसं म्हणायची, भैनभाव मळणी घालतायत, बैलांची गरज नाय. मी शनिवारची शाळेत पोरींना पाढे शिकवून आलेली असायची, पाय भरून आलेले असायचे, तरी फिरायची. रघू, मी तुझ्याशी आयुष्यात जे काही बोलले ते बहुतेक त्या खळ्यात. माझ्या नवऱ्याबद्दल मी कुणाशी बोलले नव्हते, ते तुझ्याशी बोलले, कारण बाजूने चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी पाठवलं तेव्हा तिथे सांगितलं, ग्रंथी कापून काढावी लागेल. तू त्याच दिवशी परतीच्या गाडीत बसलास. "गळ्यावर सुरी बोकडाच्या फिरवत्यात." मी समजावलं, चिडले, अबोला धरला. विलायतेत यावर गोळ्या निघाल्यात असं डॉक्टरांच्या कानावर होतं, पण त्या इथे यायच्या कधी कुणास ठाऊक. गिरणीने तुला पोती उचलायच्या कामावरून काढून काट्यावर बसवलं. वजन झालं की ओरडून सांगायचं, एवढंच. ज्यांच्याबरोबर तू पोती वाहिलीस त्यांचीच पोती तुझ्यासमोर यायची. त्या दिवसांत तू घरी आलास की थेट खळ्यात जाऊन फिरायचास.

आणि मग एका संध्याकाळी, खळ्यात चालता चालता, कुठलाही विषय नसताना तू म्हणालास, "सांग डॉक्टरला. कापू दे." मी थबकले. इतकी वर्षं भांडून जे झालं नाही ते आपोआप झालं होतं. का, ते मी विचारलं नाही. विचारलं तर तू माघार घेशील अशी भीती वाटली. आता ते कधीच कळायचं नाही. तेव्हा नुकत्याच झालेल्या पोरीमुळे असेल, काट्यामुळे असेल, की नुसता कंटाळा आला असेल.

आधी काही दिवस तुला दुधातून आयोडीनचे थेंब दिले. नाडी उतरली, बोटं स्थिर झाली. गळ्याभोवती टोचून तेवढीच जागा बधिर केली, तू जागाच. कापताना आवाजाची नस सांभाळायची म्हणून सर्जन म्हणाले, बोलत राहा. तुला काय बोलावं सुचेना. मग तू गिरणीत पोती मोजतात तसं, एकच्या जागी शुभ म्हणून 'लाभ' म्हणत, मोजायला लागलास. "लाभ, दोन, तीन, चार..." नर्स मला नंतर सांगत होती, तुमच्या भावाने आख्खी मालगाडी भरली. घरी आल्यावर गळ्यावरचा तो आडवा व्रण तू ज्याला त्याला दाखवायचास. "डाक्टरनं ठुशी घातली मला. बायकोला नाय, मला!"

डॉक्टरांनी पोटभर भात खायची परवानगी दिली ती त्यानंतर काही महिन्यांनी. यमुनेने नवा तांदूळ शिजवला, वर दूध-गूळ. तू खाल्लास, मागून घेतलास, पुन्हा मागून घेतलास. सकाळी उजाडायच्या आत घरातलं प्रत्येक माणूस जागं होऊन अंथरुणात पडून होतं. आबा खोकलेसुद्धा नाहीत. आणि मागीलदारी विहिरीचा रहाट कुरकुरला. तू केव्हाच उठून पाणी शेंदत होतास. यमुना तोंडात पदर कोंबून रडली. आबा उठले आणि म्हणाले, "एवड्या सकाळी कसला आवाज करतोय गाढव."

तिथे थांबायला हवं होतं तुझं. पण तू पुन्हा पोती उचलायला गेलास. त्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं. मी म्हटलं, "काट्यावर काय वाईट होतं? देवानं एकदा हातपाय परत दिलेत, जपून वापर की." तू म्हणालास, "अक्का, जपून ठेवायला ते काय तुजं लुगडं हाय? वापरायलाच दिलेत." मी म्हटलं, अडाणी आहेस. तू म्हणालास, मास्तरीण आहेस. ते भांडण मिटलं नाही. मला अजून वाटतं माझंच बरोबर होतं. तू गेलास म्हणून मी ते मागे घेणार नाही. तू समोर असतास तर तूही घेतलं नसतंस.

आणि शेवटी तो आजार आलाच नाही. आला तो साधा मुदतीचा ताप, भादव्यात, गावात घरोघरी होता तसा. ज्याच्याशी इतकी वर्षं लढलो ते दुखणं एका बाजूला राहिलं आणि या तापापुढे कुणाचं काही चालेना. डॉक्टर रोज सायकलवरून येत होते. त्या दिवशी सकाळी जाताना अंगणात थांबून ते मला म्हणाले, "बाई, नाडी हाताला लागत नाही. तयारीत राहा." मी आत आले आणि तुझ्याजवळ बसले.

दुपारी तू डोळे उघडलेस. हात उचलायला गेलास आणि तो उचलेना. तुझ्या चेहऱ्यावर ती भीती आली, खालापूरच्या अंगणात पहिल्यांदा आली होती ती.

"अक्का, परत आलं का गं ते?"

"नाय रं. ते गेलं ते गेलं. हा नुसता ताप हाय."

"खरं?"

"खरं. हलवून बग."

तू एकेक बोट हलवलंस. मग पायाचा अंगठा. मग गुडघा जरासा. सगळं हललं.

"हालतंय," तू म्हणालास. "मंग काय नाय." इतका निवांत तू मला कित्येक वर्षांत दिसला नव्हतास. माझा हात धरलास आणि दाबलास.

"दुखतंय रं, सोड."

तू हसलास आणि आणखी दाबलास. यमुना दूध घेऊन आली तेव्हा तिला तुझी बोटं सोडवावी लागली, आणि तिलाही जोर लागला. दोन घोट घेतलेस. मी तुला वळवायला वाकले तर मान हलवून नको म्हणालास. मग आपला आपण, कुणाचाही हात न घेता, कुशीवर वळलास आणि झोपलास. त्या झोपेतून तू उठला नाहीस.